भक्त-कवि विल्यम कूपर

शरीराचा रोगी घरांत असला म्हणजे आपण शेजाऱ्यांस सांगतों, मंडळींत प्रार्थनेची विनंति करितों, आणि गाडी करून त्यास दवाखान्यांत नेतों. परंतु मनाचा रोगी घरांत असला म्हणजे आपण दार लावून घेतों. कोणी म्हणतो त्यास बाधा झाली आहे, कोणी म्हणतो करणी केली आहे, आणि आपल्यांतीलच कांहीं भाविक जन म्हणतात कीं ह्याचा विश्वास उणा पडला, किंवा एखादें गुप्त पाप ह्यास आंतून खात आहे. अशा बंद दारांमागें जीं कुटुंबें बसलीं आहेत त्यांच्यासाठीं, व त्यांच्या भेटीस जाणाऱ्या उपदेशकांसाठीं, आज एका मोठ्या भक्ताचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे. त्याचीं गीतें गेलीं दोनशें वर्षें इंग्रजी मंडळ्या गात आल्या आहेत. पण तीं रचणाऱ्याचें मन किती वेळां अंधारांत बुडालें होतें, हें गाणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

बालपण

विल्यम कूपर ह्याचा जन्म इ. स. १७३१ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडांतील बर्कहॅमस्टेड गांवीं झाला. त्याचे वडील जॉन कूपर हे तेथील पाळक होते. आईबापांस सात मुलें झालीं, त्यांपैकीं विल्यम व त्याचा धाकटा भाऊ जॉन हे दोघेच जगले. विल्यम सहा वर्षांचा होता तेव्हां, ह्या धाकट्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनीं, आई वारली. तें दुःख त्याच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. इ. स. १७९० मध्यें एका नातलग बाईनें त्याच्याकडे आईची तसबीर पाठविली, तेव्हां ५८ वर्षांच्या कूपरानें ती रात्रीं निजतांना व सकाळीं उठतांना दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं टांगली, आणि तिच्यावर एक कविता केली.

आई गेल्यावर त्यास दूरच्या शाळेंत ठेविलें. तेथें पंधरा वर्षांचा एक दांडगा मुलगा त्याचा छळ करी. त्या मुलाच्या गुडघ्यांवर नजर उचलण्याचेंही धैर्य कूपरास होत नसे. तो त्यास तोंडावरून नव्हे, तर जोड्यांच्या बकलांवरून ओळखी.

पुढें लंडनांतील वेस्टमिन्स्टर शाळेंत लॅटिन व ग्रीक भाषा शिकून तो कायद्याच्या अभ्यासास लागला. इ. स. १७५४ मध्यें त्यास वकिलीची सनद मिळाली, पण त्या धंद्यांत त्याचें मन रमलें नाहीं. थिओडोरा नांवाच्या चुलतबहिणीशीं विवाह करावा अशी त्याची इच्छा होती; तिच्या वडिलांनीं संमति दिली नाहीं, आणि तीं दोघेंही जन्मभर अविवाहित राहिलीं.

पहिला अंधार

सनद मिळण्यापूर्वींच, वयाच्या सुमारें एकविसाव्या वर्षीं, त्याच्या मनावर पहिला घाला आला. बाहेरून पाहतां कांहीं कारण दिसेना. पण खिन्नता त्यास निजतांना व उठतांना सोडीना, आणि ज्या पुस्तकांत त्याचा जीव रमे तीं नकोशीं झालीं. असे कित्येक महिने गेले. मग मित्रांबरोबर तो समुद्रकांठीं साउदॅम्प्टन येथें गेला असतां, एके दिवशीं सूर्यप्रकाशांत बसला असतांना, छातीवरचा धोंडा कोणी उचलून न्यावा तसें त्याचें मन एकाएकीं हलकें झालें. तो आनंदानें परत आला व ही गोष्ट विसरून गेला. परंतु ती त्यास विसरली नव्हती.

इ. स. १७६३ मध्यें एका नातलगानें त्यास पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभेंत कारकुनी जागा देऊं केली. नेमणुकीविषयीं वाद निघाला, आणि सभेसमोर उभें राहून परीक्षा द्यावी असा हुकूम झाला. दुसरा मनुष्य अशा प्रसंगीं चार दिवस घाबरला असता व मग परीक्षेस गेला असता. कूपर रोज कचेरींत जाई, समोर कागद ठेवी, आणि एक ओळही त्याच्या डोक्यांत शिरत नसे. भीति दिवसेंदिवस वाढत गेली, झोंप गेली, आणि मरण हीच सुटका असें त्यास वाटूं लागलें. त्यानें एकाहून अधिक वेळां आपला जीव घेण्याचा प्रयत्न केला. देवाच्या दयेनें ते प्रयत्न फसले. मग त्यास वाटूं लागलें कीं आपलें पाप क्षमा होण्यापलीकडचें आहे, आणि त्याची बुद्धि पूर्ण ढळली.

डॉक्टर कॉटन यांचा आश्रम

येथें त्याच्या कुटुंबानें जें केलें तें नीट ध्यानांत धरावें. त्यांनीं त्यास कोंडून ठेविलें नाहीं, कीं लोक काय म्हणतील म्हणून लपविलें नाहीं. भाऊ जॉन व इतर आप्त यांनीं विचार करून डिसेंबर १७६३ मध्यें त्यास सेंट ऑल्बन्स गांवीं डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्याकडे पोंहोंचविलें. त्या काळीं लंडनच्या बेथलेम रुग्णालयांत मनोरुग्णांस सांखळ्या घालीत, आणि लोक त्यांची गंमत पाहण्यास जात. डॉक्टर कॉटन हे निराळ्या वृत्तीचे होते. ते ख्रिस्ती होते, स्वतः कविता करीत, आणि रोग्याजवळ बसून त्याच्याशीं बोलत.

सात महिने अंधारांत गेले. जुलै १७६४ मध्यें भाऊ भेटीस आला, आणि त्याच्याशीं बोलतां बोलतां कूपराच्या मनांत आशेचा पहिला किरण शिरला. त्याच सुमारास बागेंतील बाकावर त्यास एक पवित्र शास्त्र सांपडलें. तें उघडून वाचतां वाचतां रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांतील पंचविसाव्या वचनावर त्याची दृष्टि पडली. ख्रिस्ताच्या रक्तानें झालेलें प्रायश्चित्त आपल्यासाठींही आहे हें त्यास उमगलें, व त्यानें विश्वास ठेविला.

आतां त्याच्या आनंदास सीमा राहिली नाहीं. उठतां बसतां डोळ्यांतून आनंदाश्रु वाहत. हें पाहून शहाण्या डॉक्टरांस हर्ष झाला, तशी काळजीही वाटली. इतक्या खोल दुःखांतून इतक्या उंच आनंदांत एकाएकीं उडालेलें मन पुन्हां घसरूं नये, म्हणून त्यांनीं कूपरास आणखी जवळजवळ एक वर्ष आपल्या नजरेखालीं ठेविलें. जून १७६५ मध्यें तो तेथून निघाला. निघतांना त्या आश्रमांतील सॅम नांवाचा प्रेमळ सेवक त्यानें आपल्याबरोबर घेतला.

ऑल्नी येथील दिवस

हंटिंग्डन गांवीं पाळक मॉर्ले अन्विन यांच्या घरीं त्यास आसरा मिळाला. १७६७ मध्यें अन्विन साहेब घोड्यावरून पडून वारले. तेव्हां कूपर व अन्विनबाई हीं ऑल्नी गांवीं राहण्यास गेलीं, कारण तेथील पाळक जॉन न्यूटन यांनीं त्यांस बोलाविलें होतें. न्यूटन साहेब हे पूर्वीं गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते, आणि प्रभूनें त्यांस त्या घोर धंद्यांतून काढून आपले सेवक केलें होतें. ऑल्नीचे लोक बहुतेक गरीब. घरोघरीं बायामुलें लेस विणून पोट भरीत. कूपर त्यांच्या घरीं जाई, आजाऱ्यांपाशीं बसे, प्रार्थनासभा चालवी. न्यूटन साहेबांनीं व त्यानें मिळून मंडळीसाठीं गीतें रचण्यास आरंभ केला. तीं १७७९ मध्यें छापून निघालीं. ३४८ गीतांपैकीं साठांहून अधिक कूपराचीं आहेत.

पण पुस्तक निघण्याच्या पुष्कळ आधीं, १७७३ च्या आरंभीं, पुन्हां काळोख पडला. फेब्रुवारींतील एका रात्रीं त्यास भयंकर स्वप्न पडलें, आणि देवानें आपला कायमचा त्याग केला आहे अशी त्याची खात्री झाली. त्या वर्षीं त्यानें पुन्हां जीव देण्याचा प्रयत्न केला. न्यूटन साहेबांनीं त्यास आपल्याच घरीं घेतलें. तो तेथें वर्षाहून अधिक काळ राहिला. पाळकसाहेबांनीं त्याच्याशीं वाद घालून त्याचा धीर आणखी खचविला नाहीं. त्यांनीं प्रार्थना केली, त्यास एकटें सोडलें नाहीं, आणि डॉक्टर कॉटन यांचा सल्लाही घेतला. अन्विनबाई रात्रंदिवस त्याच्या सेवेंत होत्या. त्यांच्याशीं त्याचा विवाह ठरला होता तो ह्या आजारामुळें राहिला. तरी त्यांनीं त्यास सोडलें नाहीं.

प्राण वांचला, पण एक जखम राहिली. त्यानंतर कूपर पुन्हां कधीं उपासनेस गेला नाहीं. इतरांस ख्रिस्त तारील ह्याविषयीं त्यास शंका नव्हती. आपण एकटेच त्या दयेबाहेर आहों असें त्यास वाटे.

ससे, बाग आणि काव्य

कांहीं लोक म्हणत कीं धर्मानेंच ह्यास वेड लाविलें. हें खरें नव्हे. पहिला अंधार आला तेव्हां त्यास धर्माची फारशी पर्वा नव्हती, व दुसरा आला तो परीक्षेच्या भीतीनें. मनुष्यास जें अति जिव्हाळ्याचें असतें त्याचेंच रूप हा रोग घेतो. तरुणपणीं त्यास मानाची काळजी होती, तेव्हां रोग सभेच्या भीतीच्या रूपानें आला. पुढें प्रभु हाच सर्वांहून प्रिय झाला, तेव्हां रोगानें त्यास सांगितलें कीं प्रभूनें तुला टाकिलें.

१७७४ मध्यें शेजाऱ्यांनीं त्यास सशाचें एक पिलूं दिलें, मग आणखी दिलीं. त्यांतील तीन त्यानें पाळले व त्यांचीं नांवें पुस, टायनी व बेस अशीं ठेविलीं. त्यांच्यासाठीं त्यानें आपल्या हातानें लांकडाचीं घरें केलीं. एक ससा आजारी पडला तेव्हां कूपरानें त्याची शुश्रूषा केली, आणि त्या मुक्या प्राण्यानें त्याचे हात चाटून उपकार मानिले. त्यानें बाग केली, काकड्या व खरबुजें लाविलीं. ज्याचें मन प्रार्थनेंतही स्थिर होत नव्हतें त्याचे हात मातींत व लांकडांत गुंतले, आणि हळूहळू दिवस निभावूं लागले.

अन्विनबाईंनीं त्यास कविता लिहिण्याचा आग्रह केला. पन्नाशीस आलेल्या ह्या मनुष्याचा पहिला काव्यसंग्रह १७८२ मध्यें निघाला. त्याच वर्षीं एका संध्याकाळीं तो फार खिन्न बसला असतां लेडी ऑस्टिन नांवाच्या मैत्रिणीनें त्यास, घोडा आवरत नसलेल्या एका कापडविक्याची गमतीची गोष्ट सांगितली. तो रात्रभर हंसत राहिला, आणि तिचा त्यानें पोवाडाच केला. १७८५ मध्यें त्याचें सर्वांत मोठें काव्य प्रसिद्ध झालें व त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. १७८८ मध्यें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें कविता लिहिल्या. १७९१ मध्यें होमराच्या महाकाव्यांचें भाषांतर पुरें केलें. मधल्या काळांतही, १७८७ मध्यें, सहा महिने पुन्हां अंधाराचे गेले होते. हें सर्व काम त्यानें अंधार आणि अंधार यांच्या मधल्या उजेडांत केलें.

त्याच ऑल्नी गांवच्या बाप्तिस्त मंडळीनें १७८६ मध्यें विल्यम केरी ह्या तरुणास उपदेशकाच्या कामास वाहून दिलें. हेच केरी साहेब पुढें बंगाल्यांत आले व १८०५ मध्यें त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापिलें. त्यांच्याही घरीं हें दुःख शिरलें होतें. बंगाल्यांत आल्यावर मुलगा दगावला, आणि पुढें त्यांच्या पत्नी डॉरथीबाई यांची बुद्धि ढळली. १८०७ मध्यें मरण येईपर्यंत ती सांवरली नाहीं. तेव्हां हा रोग देवाच्या सेवकांच्या घरांस चुकतो असें कोणी समजूं नये.

टीडन मास्तर

एक गोष्ट उपदेशकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. ऑल्नीस सॅम्युएल टीडन नांवाचे एक गरीब शाळामास्तर होते. आपल्या प्रार्थनांस देव प्रत्यक्ष उत्तरें देतो असें ते समजत. १७९१ च्या सुमारास कूपर आपलीं स्वप्नें त्यांस कळवूं लागला, आणि ते प्रार्थना करून देवाचा निरोप म्हणून आश्वासनें पाठवूं लागले. मनुष्य वाईट नव्हता, हेतु वाईट नव्हता. पण प्रत्येक आश्वासन खोटें ठरलें म्हणजे बिचाऱ्या रोग्यास वाटे कीं देवानें आपली आणखी एकदां थट्टा केली. ज्याचें मन स्वप्नांनींच पोळलें आहे त्यास नव्या दृष्टांतांचा आधार देणें म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडणें होय. आपल्याकडे भगताचा अंगारा सोडून आलेले कित्येक लोक अशा भविष्यवाद्यांच्या नादीं लागतात. नांव बदलतें, गोष्ट तीच राहते.

शेवट

डिसेंबर १७९१ मध्यें अन्विनबाईंस अर्धांगवायूचा झटका आला, पुढच्या वर्षीं दुसरा. जिनें त्यास वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलें तिला आतां तो सांभाळूं लागला. आणि १७९४ मध्यें त्याचें मन पुन्हां खचलें. राजा तिसरा जॉर्ज यास मनोविकारांत उपचार करणारे डॉक्टर विलिस यांचाही सल्ला आप्तांनीं घेतला. त्या वर्षीं राजानें कूपरास सालीना ३०० पौंडांचें वेतन करून दिलें, पण तें समजण्याची स्थिति त्यास राहिली नव्हती. १७९५ मध्यें जॉन जॉन्सन ह्या तरुण नातलगानें दोघांसही नॉरफोकांत आपल्याजवळ नेलें. १७ डिसेंबर १७९६ रोजीं अन्विनबाई निवर्तल्या. कूपर ईस्ट डिअरहॅम येथें २५ एप्रिल १८०० रोजीं वारला, आणि तेथल्याच देवळांत त्याला मूठमाती मिळाली. शेवटपर्यंत त्यास शांति लाभली नाहीं. हें आपण लपवूं नये. पण मृत्यूनंतर त्याच्या मुखावर एक शांत, पवित्र आश्चर्याचा भाव जॉन्सनास दिसला, जणूं काय उघडणार नाहीं असें वाटलेलें दार त्याच्यासाठीं उघडलें होतें.

ह्या रोगाविषयीं दोन शब्द

दोन शतकांपूर्वीं मेलेल्या मनुष्याच्या रोगाचें निदान आज खात्रीनें करितां येत नाहीं. कूपराच्या रोगाची बाजू बहुतेक खिन्नतेचीच दिसते. तरी सर्व नाहींसें होऊन पुन्हां पुन्हां परत येणारा अंधार, आणि मध्यें डॉक्टरांस काळजी वाटावी असा उंच आनंद, हें पाहून आजचे कित्येक वैद्य ज्यास द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात त्याची आठवण होते. ह्या विकारांत मन दोन टोंकांस जातें. एका काळांत मनुष्य आठवडेच्या आठवडे खिन्न असतो. झोंप, भूक, कामाची इच्छा जाते, आणि मरणाचे विचार येतात. दुसऱ्या काळांत त्यास झोंपेची गरज वाटत नाहीं. तो भरभर बोलतो, मोठमोठे बेत करितो, कर्ज काढून पैसा उधळतो, थोडक्यांत चिडतो, आणि कधीं आपणांस देवाचा विशेष दूत समजतो. मधल्या काळांत तो पुष्कळदां पूर्ववत् असतो. म्हणून घरचे लोक समजतात कीं हें ढोंग आहे, किंवा जें अंगांत आलें होतें तें निघून गेलें.

हा रोग पापाचें फळ नव्हे, भूतबाधा नव्हे, आळस नव्हे. पुष्कळ वेळां तो घराण्यांत चालत येतो, आणि शोक, जागरण, दारू यांनीं चाळवतो. कूपराच्या काळीं ह्यावर औषध नव्हतें. १९४९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं लिथियम नांवाच्या क्षारानें उन्मादाचे रोगी शांत होतात असें दाखवून दिलें. तें औषध आजही चालतें, व त्याच्या जोडीस दुसरींही आहेत. लिथियम घेणाऱ्याचें रक्त वेळोवेळीं तपासावें लागतें. बरें वाटलें म्हणून औषध आपल्याच मतानें बंद करूं नये. पुष्कळ रोगी तेथेंच पुन्हां घसरतात. खिन्नतेच्या पूर्वीं उन्मादाचे दिवस येऊन गेले असतील तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें, कारण केवळ खिन्नतेचें औषध दिल्यास कधीं कधीं उन्माद उफाळतो.

आपलें कर्तव्य

उपदेशक बंधूंनो, अशा घरीं गेलां म्हणजे प्रथम ऐका. विश्वास कमी पडला असें म्हणूं नका. एलीयानें रतामाच्या झुडपाखालीं मरण मागितलें तेव्हां देवाच्या दूतानें त्यास बोल लाविला नाहीं, तर निजूं दिलें व दोनदां भाकर दिली. अठ्ठ्याऐंशींवें स्तोत्र काळोखांतच संपतें, तरी तें पवित्र शास्त्रांत आहे. मरणाचे विचार येतात काय, हें प्रेमानें स्पष्ट विचारा. विचारल्यानें ते वाढत नाहींत. येत असतील तर त्यास एकटें ठेवूं नका, फवारणीचें औषध व दोर त्याच्या हातीं लागणार नाहींत अशी व्यवस्था करा, आणि विलंब न लावितां दवाखान्यांत न्या.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मनोरोगाच्या डॉक्टरांची चौकशी करावी; ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनि-सेवा सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रीं-दिवसा मराठींत बोलतां येतें. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्यास पोलीस शिक्षा करतील ह्या भीतीनें कित्येक घरें गप्प राहतात; परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य भारी मानसिक ताणांत होता असें धरून चालावें, व त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य आहे, असें ठरविलें आहे.

प्रार्थना सोडूं नका, आणि प्रार्थनेच्या नांवाखालीं औषध सोडवूं नका. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्यच होता. कूपर जवळजवळ सत्तर वर्षें जगला तो एकाच्या बळावर नव्हे. भावानें त्यास डॉक्टरांकडे नेलें, डॉक्टरांनीं सांभाळलें, सॅम बरोबर आला, पाळकानें घरांत घेतलें, एका बाईनें जन्म वाहिला. त्यांतील एकानेंही हात काढला असता तर तीं गीतें झालीं नसतीं. आपल्या गांवांत असें दार बंद असेल तर ह्या आठवड्यांत तें ठोठवावें, आणि रोग्यासह डॉक्टरांकडे जाण्यास स्वतः तयार असावें.